पहिलटकरणीचे प्रश्न : पहिल्या कळेपासून बाळ कुशीत येईपर्यंत

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, सातारा जिल्ह्यात. कळा, टाके, सगळं यथासांग, सिझर नाही. तेव्हापासून नात्यातल्या कुठल्याही पोरीला सातवा लागला की तिचा फोन मला येतो. सुरुवात 'कशी आहेस ताई' अशी होते आणि मग आवाज खाली जातो. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, आईला विचारलं तर ती 'वेळ आली की कळेल' म्हणते, असे हे प्रश्न. मी डॉक्टर नाही. तुमच्या तब्येतीपुरतं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

तारीख उलटून गेली, कळांचा पत्ता नाही. काळजीचं आहे का?

ती तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून काढलेला अंदाज. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे पुरे झाले की दिवस भरले असं धरतात, आणि पहिलटकरणीचं बाळ तारखेपुढे चार-आठ दिवस रेंगाळणं नेहमीचं आहे. ४१ आठवडे झाले की मात्र डॉक्टर कळा आणायचं बोलू लागतात. ते उगाच नसतं. त्यानंतर पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेचं काम मंदावत जातं. तोवर बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना, एवढं बघायचं. आणि पाहुण्यांना तारीख सांगताना आठवडाभर पुढची सांगा. 'झालं का गं?' असे फोन त्या दिवसांत अगदी नकोसे होतात.

खऱ्या कळा आणि खोट्या कळा कशा ओळखायच्या?

खोट्या कळा आठव्या-नवव्या महिन्यात येऊन-जाऊन असतात. पोट दगडासारखं कडक होतं, थोड्या वेळाने सुटतं. कूस बदलली, पाणी प्यायलं, चार पावलं चाललं की त्या बहुधा जातात. खऱ्या कळा काही केलं तरी जात नाहीत, आणि दर तासाला तीन गोष्टी बदलतात: कळ जास्त वेळ टिकते, जास्त जोरात येते आणि मधलं अंतर कमी होतं. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं.

माझ्या कळा पोटात सुरूच झाल्या नाहीत. पाळीच्या वेळी कंबर धरते तसं काहीतरी होत होतं. मी ओट्यापाशी पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते आणि मधूनच माझा हात थांबायचा. मला ते जाणवलंही नव्हतं. आजी समोर बसून बघत होती. ती आईला म्हणाली, 'हिचा हात थांबतोय, पिशवी भरून ठेव.'

एक-दोन दिवस आधी किंवा त्याच दिवशी लालसर, चिकट असं अंगावर जाऊ शकतं. गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला घट्ट चिकटा सुटल्याची ती खूण. घाबरायचं कारण नाही. पाळीसारखं भळभळ रक्त गेलं तर मात्र वाट न बघता दवाखाना.

पाणी गेलं हे कसं कळतं? सिनेमात दाखवतात तसं एकदम?

कधी एकदम, पण बरेचदा थेंब थेंब, आणि मग लघवी झाली की पाणी गेलं तेच कळत नाही. लघवी धरून ठेवता येते, हे धरता येत नाही. स्वच्छ पॅड लावा आणि रंग बघा. पाणी पांढुरकं किंवा हलकं गुलाबी असलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटल्यावर वेळ जाईल तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर चहासुद्धा न घेता निघा. बाळाने पोटात शी केली आहे. आणि बहुतेक बायकांच्या कळा आधी सुरू होतात, पाणी नंतर जातं. सिनेमावाले उलटं दाखवतात, त्यांना घाई असते.

दवाखान्यात नेमकं कधी निघायचं?

पहिल्या खेपेला साधा हिशोब असा: कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललेलं. दवाखाना दहा मिनिटांवर असेल त्यांच्यासाठी हे ठीक. घाटापलीकडचं गाव असेल, पावसाळा असेल, तर इतकं थांबू नका. गाडीची सोय नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

काही गोष्टींना कळांचा हिशोब लागू नाही. बाळाची हालचाल कमी वाटणं, रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, ताप, चेहऱ्यावर-हातावर एकदम सूज, पाणी जाणं: यातलं काहीही झालं की लगेच.

गेल्यावर तपासून 'अजून वेळ आहे, घरी जा' म्हणाले तर अपमान मानू नका. पहिलटकरणीला असं परत पाठवणं रोजचं आहे, आणि घरच्या मोरीत कमरेवर गरम पाणी घेत काढलेले तास वॉर्डातल्या खाटेपेक्षा कितीतरी बरे.

एकूण किती वेळ लागतो?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत कमी नीट सांगितला जाणारा प्रश्न. माझ्या मते पहिलटकरणीला वेदनेपेक्षा वेळ जास्त घाबरवतो, कारण चालू आहे ते बरोबर चाललंय की अडलंय, हे तिला कोणी सांगत नाही.

तर बघा. गर्भपिशवीचं तोंड बंद असतं, ते दहा सेंटिमीटर उघडायचं असतं. पहिले चार-पाच सेंटिमीटर फार सावकाश जातात. कुणाला अर्धा दिवस, कुणाला दीड दिवस. या टप्प्याला ठरलेली मुदतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार खरा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरनंतर धरतात, आणि पहिल्या खेपेला तो सहसा बारा तासांच्या आत पुरा होतो. 'तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे' हा जुना नियम त्याच मार्गदर्शनात बाजूला ठेवला आहे. दहा झाल्यावर जोर देऊन बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतात.

म्हणून रात्री अकराला तीन सेंटिमीटर आणि पहाटे चारला चार, असं कानावर पडलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. दर तपासणीनंतर दोन गोष्टी विचारा: किती उघडलंय, आणि बाळाचे ठोके कसे आहेत. मिनिटाला ११० ते १६० ठोके म्हणजे बाळ मजेत आहे. ही दोन उत्तरं मिळाली की पुढचे चार तास काढायला बळ येतं.

आतून तपासणी सारखी-सारखी करतात का?

सगळं सुरळीत असेल तर साधारण चार तासांनी एकदा. त्रास होतो, पण मिनिटभराचा. कळ येऊन गेल्यावर करा म्हणून सांगा, आणि त्या वेळी दात न आवळता तोंडाने श्वास सोडा.

खरंच किती दुखतं?

खूप. 'काही नाही गं, विसरतेस सगळं' असं म्हणणाऱ्या काकवांवर विश्वास ठेवू नका.

पण दुखणं कसं असतं ते आधी कळलं तर बरं. कळ कमरेतून निघते, दोन्ही बाजूंनी पुढे ओटीपोटात येते, आवळत आवळत टोकाला जाते आणि मिनिटभरात सोडते. पूर्ण सोडते. दाढदुखीसारखं सलग नसतं ते. मधल्या दोन-तीन मिनिटांत मला चक्क झोप लागायची, तोंड उघडं टाकून. त्या मोकळ्या वेळात पुढच्या कळेची धास्ती घेत बसायचं नाही, अंग सैल सोडायचं, हे जमलं की निम्मं काम झालं.

सगळ्यांत वाईट भाग शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरचा. कळांमध्ये अंतरच उरत नाही. थंडी वाजते, पाय लटपटतात, उलटी होते. मी आईला म्हणाले, 'मला नाही जमत, सिझर करायला सांग.' ड्युटीवरच्या सिस्टरनी शांतपणे हातमोजे चढवले: 'हे म्हणायला लागलीस ना, म्हणजे जवळ आलं.' खरंच आलं होतं.

कळा चालू असताना चालता येतं? खाता येतं?

धोका नसलेल्या बाळंतपणात दोन्ही चालतं, आणि उपयोगाचंही आहे. चाललं, उभं राहिलं, खिडकीचा गज धरून पुढे वाकलं की बाळ खाली सरकायला मदत होते. पाठीवर सपाट पडून राहणं सगळ्यांत गैरसोयीचं. आईने थर्मासमध्ये पेज आणली होती, ती मी कळांच्या मधे घोट घोट घेतली. सिझरची शक्यता दिसत असेल तर डॉक्टर पोट रिकामं ठेवायला सांगतील. तेव्हा हट्ट नको.

कमरेतलं इंजेक्शन घेऊन कळा कमी करता येतात म्हणे?

एपिड्युरल. पाठीच्या कण्याशेजारी बारीक नळी बसवून औषध सोडत राहतात; पंधरा-वीस मिनिटांत फरक पडतो. भूल देणारे डॉक्टर हजर लागतात, त्यामुळे ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत मिळते. नाव घालतानाच विचारून ठेवा. ऐन कळांत चौकशी होत नाही. त्याने सिझरची शक्यता वाढत नाही आणि जन्माची कंबरदुखीही मागे लागत नाही. जोर द्यायचा टप्पा मात्र थोडा लांबू शकतो.

'इंजेक्शन घेतलं म्हणजे खरं बाळंतपण नाही' असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८५३ मध्ये आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला होता, तेव्हाही लोक हेच म्हणाले होते.

आत सोबत कोणाला घेता येतं?

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना सूचना दिली की बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या ओळखीची एक बाई राहू द्यावी. प्रत्यक्षात लेबर रूममधली गर्दी बघून ठरतं. खासगीत काही ठिकाणी नवऱ्यालाही घेतात. ज्याला किंवा जिला घ्याल, ते माणूस शांत हवं. आई फार हळवी असेल तर मोठी बहीण किंवा जाऊ बरी. काम एवढंच: कंबर दाबणं, पाणी देणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवणं, कारण त्या वेळी तुमच्या डोक्यात काही शिरत नाही.

ओरडलं तर सिस्टर रागावतात का?

काही रागावतात. काही तर नको ते बोलतात, आणि ते चूकच आहे. बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा उपचाराचा भाग आहे, उपकार नाही. ओरडावंसं वाटलं तर ओरडा. फक्त उंच किंकाळीपेक्षा खालच्या सुरात हुंकार दिला तर दम कमी जातो.

जोर कसा द्यायचा? आणि... तेव्हा शी झाली तर?

होते. बऱ्याच जणींची होते. बाळाचं डोकं खाली येताना गुदद्वारावरच दाब येतो, आणि शी लागल्यासारखं वाटणं हीच जोराची वेळ आल्याची खूण. सिस्टर एका हाताने पुसून टाकतात आणि बोलतही नाहीत. त्यांना ते रोजचं आहे. या लाजेपायी जोर आखडून धरणाऱ्या मुली मला माहीत आहेत.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर लावू नका, सांगितलं नसेल तर नाहीच. वेळ आली की मला मिळालेला सल्ला देते: हनुवटी छातीला टेकव, तोंड मिट, जोर घशात नको, खाली दे. मी सुरुवातीला सगळा जोर चेहऱ्यात लावत होते, दुसऱ्या दिवशी डोळे लाल. हनुवटी टेकवल्यावर एकदम फरक पडला. डोकं बाहेर येताना चर्रकन आग होते; तेव्हा 'थांब, हळू' म्हणतील, आणि तेव्हा खरंच थांबायचं, नुसता फूफू श्वास सोडायचा. त्याने फाटणं कमी होतं.

वरून कोणी पोटावर कोपर देऊन दाबायला लागलं तर 'दाबू नका' म्हणा. ते करू नये असंच आता सांगितलं जातं.

टाके पडतातच का?

पहिल्या खेपेला बऱ्याच जणींना थोडे पडतात. पण सरसकट प्रत्येकीला कात्री लावायची, हे आता योग्य मानत नाहीत. सुन्न करून घालतात, बहुतेक टाके आपोआप विरघळतात. आठवडाभर बसताना कळतं. पहिली शी ही वेगळीच परीक्षा; भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध चुकवू नका.

नाळेचे वेढे आहेत, पाणी कमी आहे. म्हणजे सिझरच का?

आपल्याकडे सोनोग्राफीचा कागद हातात पडला की घरात सुतक आल्यासारखं होतं. मानेभोवती नाळेचा वेढा साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या असतो आणि त्यातली बहुतेक नॉर्मल जन्मतात. बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो, नाकाने नाही, त्यामुळे वेढा म्हणजे फास नव्हे. पाणी कमी असणं मात्र आकड्यावर आणि ठोक्यांवर ठरतं. बाळाने शी केली, पण पाणी पातळ आहे आणि ठोके चांगले आहेत, तर लक्ष ठेवून वाट बघता येते.

आणि सिझर लागलं तर लागलं. ठोके घसरत असताना 'नॉर्मलच हवं' म्हणून अडून बसणं शहाणपणाचं नाही. पण डोळे झाकून सही करणंही नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के. सरकारीत सुविधेअभावी काही राहून जात असतील हे मान्य, तरी एवढी तफावत शरीरांमुळे पडत नाही. 'बाळाला आत्ता धोका आहे का, की थांबून बघता येईल?' हा एक प्रश्न नवऱ्याला पाठ करून ठेवायला सांगा.

मुहूर्त बघून सिझर करावं का?

नाही. निदान ३९ आठवड्यांआधी तर मुळीच नाही. बाळाच्या फुफ्फुसांना पंचांग कळत नाही.

नवव्या महिन्यात तूप आणि एरंडेल घेतल्याने सुटका लवकर होते?

तूप पोटात जातं, बाळ गर्भाशयात असतं. दोघांची गाठ पडत नाही. आमटी-भातावर घ्या आवडतं म्हणून. एरंडेल स्वतःच्या मनाने नको. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, आणि कळांच्या वेळी तेच कमी पडतं.

बाळ बाहेर आल्यावर लगेच काय काय होतं?

तुम्हाला वाटतं संपलं. अजून वार यायची असते. मांडीत एक इंजेक्शन देतात, त्याने पिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. वार बहुधा पाच-पंधरा मिनिटांत पडते. अर्धा तास झाला तरी न आल्यास डॉक्टर हालचाल करतात. बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापतात, तेवढ्यात वारेतलं बरंचसं रक्त बाळाला मिळतं. बाळाला पुसून थेट तुमच्या छातीवर ठेवायला सांगा. पहिल्या तासात अंगावर घ्या. पिवळसर चीक चमचाभरच येतो आणि तेवढाच पुरतो. मध, गुळाचं पाणी, सोन्याचा वेढा उगाळून चाटवणं, हे आजीला प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. आंघोळही पहिले चोवीस तास नको.

बाळाला बघून मला काहीच वाटलं नाही. मी वाईट आई आहे का?

हा प्रश्न फोनवर नाही, नेहमी मेसेजवर येतो, रात्री दोन-तीनला.

नाही. रात्रभर कळा काढलेल्या शरीराला आधी झोप हवी असते. माझ्या मांडीवर बाळ दिलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो चहाचा. माया हळूहळू चढत गेली, दूध पाजताना, शी-शू काढताना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा उगाचच रडू फुटतं, बारशाच्या आसपास बहुधा कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही दिवसचे दिवस काळे जात असतील, झोप लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर ते आजारपण आहे आणि त्यावर औषध आहे. 'बाळंतवारं लागलं' म्हणून नजर काढून गप्प बसू नका, डॉक्टरांकडे जा.

खर्च किती येतो?

खासगीत गावागणिक आणि खोलीगणिक वेगळा. सातव्या महिन्यातच लेखी विचारा, नॉर्मलचा आणि सिझरचा वेगवेगळा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी फुकट आहे. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये पात्र आईच्या खात्यात येतात. अंगणवाडी ताई किंवा आशाताई फॉर्म भरून देतात. नोकरी करणारीला पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त आठ आधी घेता येते. मावशींना पेढे खुशीने द्यायचे, मागितले म्हणून पैसे नाहीत.

पूर्वी बायका घरीच बाळंत व्हायच्या, मग आता एवढं काय?

व्हायच्या, आणि दगावायच्याही. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं स्वतःचं बाळ, त्या जेमतेम चौदा वर्षांच्या असताना जन्मलेलं, दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषयही प्रसूतिशास्त्राचाच निवडला. अगदी अलीकडचं सांगायचं तर महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. दवाखान्यात जाण्याचा कंटाळा आला की हे दोन आकडे सासूबाईंना वाचून दाखवा.

माहेरी बाळंत झाले, तर जन्मदाखला सासरच्या गावात मिळेल का?

नाही. जन्म जिथे झाला तिथल्याच ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत नोंद होते. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखाना माहिती पाठवतो, पण पाठवली का हे डिस्चार्जच्या वेळी विचारा. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, बाळाचं नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. फॉर्मवर आईचं नाव माहेरचं की सासरचं, आणि ते आधारकार्डाशी जुळतं का, हे तिथल्या खिडकीवरच बघून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी तान्हं बाळ काखेत घेऊन पुन्हा माहेरची एसटी धरावी लागते.